छपराखालचा उजेड

पिंपळगाव बसवंतात कॅमेरा चालवणाऱ्याला उजेडाची ददात नसते. थंडीत द्राक्षबागांवर धुकं उतरतं तेवढा सकाळचा वेळ सोडला, तर निफाड तालुक्याचं आभाळ सगळं उघडं करून दाखवतं. बाजार समितीतले टोमॅटोचे क्रेट, मुंबई-आग्रा रस्त्यावरचे ट्रक, मांडवातली लग्नं, सगळं उन्हातलं काम. मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडातून गाळून आलेला उजेड नवरीच्या गालांवर पडतो आणि ब्युटी पार्लरचे पैसे पाण्यात जातात, एवढीच काय ती आमच्या धंद्याची अडचण.

काळोखाचा सराव मात्र होत नाही. आत शिरून फोटो काढावेत अशा ज्या जागा आमच्याकडे आहेत, नेमका तिथंच कॅमेरा चालत नाही. त्र्यंबकेश्वरी गाभाऱ्याकडे लेन्स वळवायची सोय नाही. सिन्नरचा गोंदेश्वर पुरातत्त्व खात्याकडे. तिथं शिखर, मंडपाचे खांब, भिंतींवरचं कोरीव काम पोटभर टिपा, पण गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आलं की माणूस आपणहून कॅमेरा खाली घेतो. कुणी सांगावं लागत नाही. उन्हातून मंडपात, मंडपातून अंतराळात, तिथून गाभाऱ्यात. दर पावलागणिक उजेड कमी, जागा आवळलेली, छत डोक्याजवळ. देव बसतो तो सगळ्यात काळ्या जागी. त्याला दिसायला समई पुरते, आणि आपल्यालाही तेवढंच दिसावं अशी योजना असते.

हा डोळा घेऊन मी जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये शिरलो तेव्हा बराच वेळ कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. तिथं सगळा क्रमच उलटा. आत जावं तशी जागा मोठी होत जाते, आणि सगळ्यात झळाळती गोष्ट ठेवली आहे ती पार टोकाला, सगळ्यांना, सगळीकडून दिसेल अशी. काही झाकलेलं नाही. मग माझ्यासारखा माणूस इथं टिपणार काय?

बाहेरून या इमारतीचा फोटो काढणं सोपं आहे, म्हणून त्यात मला फार गोडी वाटली नाही. दर्शनी बाजू पूर्वेला; सकाळी गेलात तर ऊन थेट पांढऱ्या भिंतीवर. समोर पुरातत्त्व खात्याने राखलेली हिरवळ. पाहणाऱ्याच्या डावीकडे एक मनोरा आणि उजवीकडे रिकामं आभाळ, कारण तिकडचा जोडीचा मनोरा 1776 मध्ये कोसळला आणि पुन्हा कुणी उभारला नाही. उरलेल्या मनोऱ्यात घंटा आहेत, त्यांतली मोठी म्हणजे कुंकळ्ळीला 1652 मध्ये ओतलेली सुवर्णघंटा. एकाच मनोऱ्यामुळे इमारतीचा तोल गेलाय असं वास्तुशास्त्राचे लोक म्हणतात. फोटोवाल्याला मात्र तेच बरं. दोन्ही बाजूंनी सारख्या इमारतीत कॅमेरा कुठं धरायचा हे इमारतच ठरवून टाकते.

25 नोव्हेंबर 1510 या दिवशी आफोंसो द अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतलं. तो दिवस अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनचा, म्हणून हे कॅथेड्रल तिच्या नावाचं. आज उभ्या असलेल्या इमारतीचं काम 1562 मध्ये सुरू झालं आणि 1619 मध्ये मुख्य बांधकाम संपलं. आतल्या वेद्यांचं काम त्यापुढेही 1652 पर्यंत चाललं. पायात जांभा भरणाऱ्या गवंड्याचा नातू छताखाली उभा राहिला असेल, आणि पणतू सोन्याचा वर्ख चढवताना. लांबी अडीचशे फूट, रुंदी एकशे एक्याऐंशी. हे आकडे पाटीवर वाचले तेव्हा नुसतेच आकडे होते. मधल्या दालनाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाचा चेहरा ओळखता येईना, तेव्हा ते कळले.

आत छत म्हणजे सरळ लांबवर ओढत नेलेली अर्धगोल कमान, तिला पेलणारे जाड खांब, आणि दोन्ही अंगांना ओळीने चॅपेलं. सगळं चुन्याने पांढरं. लोक सोन्याच्या वेदीकडे बघतात, पण या इमारतीत राबतो तो चुना. दारांतून आणि बाजूच्या खिडक्यांतून जो काही उजेड आत येतो तो एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर टोलवला जातो आणि वेदीपर्यंत पोचेतो त्याची धार गेलेली असते. म्हणून तिथं माणसांच्या चेहऱ्यांवर सावली अशी पडतच नाही. आमच्या मांडवात ज्यासाठी छत्र्या आणि सॉफ्टबॉक्स उभे करावे लागतात, ते इथं कुणीतरी चारशे वर्षांपूर्वी भिंतींकडून करून घेतलं आहे.

कॅमेऱ्याचं मीटर पांढऱ्या भिंतीला फसतं. त्याला वाटतं खूप उजेड आहे, मग ते सगळं राखाडी करून ठेवतं. भिंत पांढरी राहावी म्हणून उजेड वाढवला, की टोकाची वेदी, जिच्यावर वेगळे दिवे सोडलेले असतात, ती जळून नुसता पिवळा डाग होते. वेदीचं कोरीव काम राखायचं तर खांब आणि बाजूची चॅपेलं काळोखात जातात. डोळा हे सगळं एकदम बघतो, कारण डोळा एका जागी थांबत नाही. कॅमेऱ्याला एक काय ते ठरवावं लागतं. आमच्या बागेत घडाची विरळणी करताना बाया कात्रीने चांगले मणी काढून टाकतात, तेव्हा नवख्याचा जीव हळहळतो. इथं तसंच करावं लागलं. मी पुष्कळ वेळा वेदी सोडली.

तिवई लावायची तर पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते, ती माझ्याकडे नव्हती. मग बाकाच्या पाठीवर रुमाल, रुमालावर कॅमेरा, श्वास रोखून एक पंधरांश सेकंद. दारावरच्या रखवालदाराने तेवढं चालवून घेतलं. "फोटो काडात, पूण फ्लॅश मारूं नाकात," एवढंच तो म्हणाला. मला हसू आलं. एवढ्या पोकळीत माझ्या फ्लॅशचा उजेड समोरच्या चार बाकांपलीकडे पोचला नसता. पण त्याचं म्हणणं कोंकणीत इतकं सौजन्याने आलं होतं की मान डोलावली.

वाइड लेन्सचा मोह इथं सगळ्यांनाच होतो. सगळं मावतं म्हणून लावायची, आणि घरी येऊन बघावं तर खांब आत झुकलेले, छत पळून गेलेलं, वेदी काडेपेटीएवढी. सगळं मावलेलं असतं, भव्यपणा तेवढा गळलेला असतो. मोठी जागा मोठी दिसायला तिच्यात काहीतरी लहान असावं लागतं, आणि ते लहान म्हणजे माणूस. म्हणून एका खांबाच्या पायथ्याला नेम धरून मी थांबलो. जोडपी येत होती, खांबाला टेकून सेल्फी काढून जात होती. ती माझ्या कामाची नव्हती, कारण ती जागेकडे पाठ करून उभी राहतात.

मग कुठल्याशा मराठी शाळेची सहल आली. दाराशीच त्यांचा घोळका अडला. "बाई, चपला काढायच्या?" बाई क्षणभर विचारात पडल्या. त्यांनाही ठाऊक नसावं. तेवढ्यात निम्म्या पोरांनी सवयीने बूट काढून पायरीशी ओळीने लावलेदेखील. बाकीची बूट घालून आत आली आणि मग एकमेकांच्या पायांकडे बघू लागली, कोण चुकलं ते कळेना. आत आल्यावर मात्र सगळ्यांनी एकच केलं: माना वर. मोज्यांतली पोरं आणि बुटांतली पोरं, सगळ्यांची तोंडं उघडी, छताकडे. तो फोटो मी घेतला. त्यात वेदी नाही, क्रूस नाही, छतही नाही. पण ते चर्च आहे हे कुणालाही सांगावं लागत नाही.

वेदीपाशी जवळ गेलं की सोनं सुटं सुटं दिसायला लागतं. मुख्य वेदीभोवती सहा मोठे कोरीव फलक आहेत, संत कॅथरीनच्या आयुष्याची आणि हौतात्म्याची. कथा अशी, की या विदुषीने सम्राटाच्या पंडितांना वादात हरवलं. तिला चाकावर घालून मारायचं ठरलं तर चाकच मोडलं. शेवटी तलवारीने मान उडवली. वादात जिंकलेल्या बाईची गोष्ट आपल्याकडेही नवी नाही, शेवट तेवढे निरनिराळे. लांब लेन्स लावून मी त्या फलकांवरून हळूहळू फिरलो. वर्ख कुठं कुठं झिजलाय, तिथं खालचा तांबूस लेप दिसतो, आणि तोही गेलाय तिथं लाकडाच्या रेषा. एका वस्त्राच्या चुणीत धूळ बसून चुणी आणखी खोल झालीय. या कामावरचे हात बहुतेक इथलेच, गोव्यातल्या कारागिरांचे. त्यांनी रोमन शिपाई कधी पाहिला नव्हता, लाकूड मात्र पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं होतं, आणि शिपायापेक्षा लाकूडच जास्त पटतं.

बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ संत ख्रिस्तोफरचं मोठं चित्र आहे. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी पार करणारा थोराड माणूस. आमच्याकडच्या कुठल्याही घरात जन्माष्टमीला ज्याची आठवण निघते तो टोपलीवाला वसुदेव मला त्यात दिसला, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनाही दिसला असावा, त्या मुलीला म्हणाल्या, "बघ, यांच्यातही यमुना होती." हे ऐकून फादर थॉमस स्टीफन्सला बरं वाटलं असतं. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला, आणि या कॅथेड्रलचं बांधकाम संपायला तीन वर्षं असताना, 1616 मध्ये, त्याचं क्रिस्तपुराण राशोलला छापून झालं: मराठीत, ओवीछंदात, दहा हजारांहून अधिक ओव्या, अक्षरं मात्र रोमन. कॅथेड्रलच्या वेदीवर लॅटिन चालायची. खेड्यातल्या चर्चमध्ये ओव्या वाचल्या जात. ज्या काळात ही कमान चढत होती त्याच काळात कुणीतरी आपल्या भाषेचं माप घेऊन दुसरी एक इमारत बांधत होता, तिला चुना लागला नाही.

मात्र एवढ्यावर समाधान मानून बाहेर पडणं मला जमलं नाही. इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं धर्मन्यायालय, गोव्यात 1560 ला आलं आणि मधली थोडी वर्षं वगळता 1812 पर्यंत राहिलं. कॅथेड्रलजवळच्या चौकात त्याचा वाडा होता. आज तिथं फोटो काढण्यासारखं काहीही नाही, गवत आहे. तिसवाडी, बारदेश, साष्टी या तालुक्यांतली देवळं पाडली गेली. किती देव रातोरात खाडी ओलांडून फोंड्याकडे नेले गेले हे गोव्यातल्या घराघरांत सांगतात. मंगेश आणि शांतादुर्गा आज जिथं आहेत तिथं मुळात नव्हते. म्हणजे या पांढऱ्या भिंतींचा उजेड टिपताना बाहेरच्या अंधाराचा हिशेब चित्रात येत नाही. कॅमेरा फक्त असलेल्या गोष्टींचा साक्षीदार. पाडलेल्या देवळाचा आणि पाडलेल्या वाड्याचा फोटो सारखाच येतो.

मनात हे चाललं असताना नाशिकही आठवलं, आणि ते आठवल्याशिवाय दुसऱ्याच्या दाराबद्दल बोलू नये. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरापुढे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्याची नाशकातली बाजू सांभाळणारे दादासाहेब गायकवाड आमच्या शेजारच्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. पुढे काही वर्षं तो लढा चालला, आणि दार उघडलं नाही. आमच्या गाभाऱ्यांच्या काळोखाबद्दल मी वर एवढं कौतुकाने लिहिलं, पण त्या काळोखाच्या उंबऱ्यावर कोण उभं होतं आणि कोण अडवलं जात होतं तेही त्यात आहेच. 'आत' नावाची जागा तयार होते ती नुसत्या भिंतींनी नव्हे. उजेड किती सोडायचा आणि माणसं कोणती सोडायची, हे ठरवणारा कुणीतरी दाराशी असतो. कॅथेड्रलने उजेड सगळ्यांना सारखा वाटला हे खरं. आत यायची किंमत मात्र एके काळी भलतीच लावली होती. आज शाळेची पोरं मोज्यांनिशी आत येतात आणि कुणी जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. हे दोन्हीकडे बऱ्याच उशिरा झालं.

दुपारनंतर टेकडीवर गेलो, संत ऑगस्टीनच्या पडक्या मठाकडे. से कॅथेड्रलपासून पायी जाण्याजोगं अंतर. 1835 मध्ये तो ओस पडला, 1842 मध्ये चर्चचं छत खाली आलं, आणि 1931 मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा कोसळला. उरलेला मनोरा सुमारे दीडशे फूट उंच, जांभ्याचा, उघडाबोडका. जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष याच ढिगाऱ्यात सापडले. डीएनए तपासणीने ते 2013 मध्ये पक्के झाले. गाइड हे सगळ्यांना सांगतो आणि लोक मनोऱ्याखाली फोटो काढतात.

तिथं माझा कॅमेरा एकदम सुखावला. वर आभाळ, ऊन भरपूर, जांभ्याचा लाल रंग खुलून आलेला. काही ठरवावं लागत नाही, हात हलण्याची भीती नाही. पिंपळगावचा उजेड. वेदीची जागा ओळखू येते, बाजूच्या चॅपेलांचे कोनाडे ओळखू येतात, फरशीवर थडग्यांचे दगड आहेत. जमिनीवरचा नकाशा से कॅथेड्रलसारखाच वाचता येतो. तरी त्या फोटोंमध्ये आत उभं राहून काढलेला एकही फोटो नाही. सगळे बाहेरचे आले. मी वेदीपुढे गुडघ्यांवर बसून फोटो घेतला, तोही बाहेरचाच आला. छप्पर गेलं की उजेडाला अडवणारं कुणी राहत नाही, आणि अडवला न गेलेला उजेड घराचा नसतो, रानाचा असतो. इतकी वर्षं मी समजत होतो की चर्चमधला फोटो म्हणजे अंधाराशी झटापट. टेकडीवर कळलं की तो अंधारच तर बांधलेला असतो. दगड, चुना, सोनं, सगळं त्याच्या भोवतीचं.

परतीच्या गाडीत मी फोटो चाळत बसलो. बहुतेकांत वेदी अर्धवट, किंवा नाहीच. एक मला स्वतःलाच आवडला: सकाळी पूर्वेच्या दारातून आलेल्या उन्हाची पट्टी फरशीवरून बाकांपर्यंत गेलीय आणि तिथं थांबलीय. दाराशी चपलांची ओळ. घरी दाखवला तर पहिला प्रश्न, "यात देव कुठंय?" दुसरा, "एवढ्या लांब जाऊन चपलांचा फोटो?" सोन्याचे फोटो त्यांना आवडले. ते मी फ्रेमसाठी काढून ठेवले. धंद्यातल्या माणसाने गिऱ्हाइकाशी वाद घालू नये, घरच्या तर नाहीच.

चर्चचा एक तुकडा नाशकातच आहे, हे यानंतर जरा वेगळ्या तऱ्हेने डोक्यात आलं. पंचवटीत गोदाकाठी नारोशंकराचं देऊळ, 1747 मधलं, तिथली घंटा मूळची पोर्तुगीजांची. 1739 मध्ये चिमाजीआप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चांच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात ठिकठिकाणी आल्या; भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे, नाशकातली सरदार नारोशंकरांच्या वाट्याची. तिच्यावर 1721 हे साल आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला नाशकात अजून 'नारोशंकराची घंटा' म्हणतात, आणि गोदावरीला पूर आला की पाणी कुठवर चढलं ते सांगायला लोक याच देवळाकडे बोट दाखवतात. पुराच्या दिवसांत मीही तिचे फोटो काढलेत, पाण्याची पातळी दिसावी म्हणून. घंटा बाहेर टांगलेली, उजेड भरपूर, अडचण काहीच नाही. ती कुठल्या छपराजवळ घडीघडीला वाजत असे याचा विचार तेव्हा आला नव्हता.

वसईच्या किल्ल्यातली ती चर्चं आज बहुतेक बिनछपराची आहेत. लग्नसराई उरकली की एकदा तिकडे जाणार आहे, पाऊस लागायच्या आत. वाइड लेन्स नेणार नाही. ढगाळ दिवस मिळाला तर उत्तम.